आकडा छापला, तारीख कुठे आहे?

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांशी बोलायला गेले होते. विषय होता 'पीएच.डी.ला जाण्यापूर्वी'. गाईड कसा निवडायचा, पेपर कसा वाचायचा, अशी सगळी तयारी करून गेले होते. पहिलाच प्रश्न आला, "ताई, जेआरएफचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात का?"

मी "येतात, पण..." म्हणाले आणि विषय बदलला. घरी येईपर्यंत ते 'पण' डोक्यात होतं. त्या मुलीला मी नीट उत्तर दिलं नाही, ते इथे देते.

आपण शोधनिबंध वाचताना तीन प्रश्न विचारतो. दावा काय आहे? पुरावा काय आहे? आणि काय सांगितलेलंच नाही? आज हेच प्रश्न फेलोशिपच्या नियमांना विचारू. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हे कागद तुम्ही पुढची पाच वर्षं जगणार आहात. सिनॉप्सिसइतकेच ते नीट वाचायला हवेत.

आधी आकडा

आकडा सगळ्यांना पाठ असतो. जेआरएफ २०१० मध्ये महिना १६,००० रुपये झाली, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,०००. एसआरएफ झाल्यावर ४२,०००. वर घरभाडे भत्ता, तो शहराच्या वर्गाप्रमाणे. मुंबई पहिल्या वर्गात. २०२३ च्या दरवाढीच्या वेळी केंद्र सरकारचा या वर्गाचा दर २७ टक्के होता. म्हणजे ३७,००० वर ९,९९० रुपये. हॉस्टेल मिळालं तर हा भत्ता नाही.

आकडा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत एवढे पैसे कधी मिळाले नव्हते. पण दोन गोष्टी बघा. पहिली, ही वाढ आपोआप होत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा तपासला जातो. फेलोशिप चार-पाच वर्षं एका जागी थांबते, मग मुलं रस्त्यावर येतात, मग आदेश निघतो. २०२३ ची वाढ जानेवारीपासून लागू झाली, पण विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा आदेश निघाला जूनमध्ये. दुसरी गोष्ट आकस्मिक खर्चाची, म्हणजे कंटिन्जन्सीची. यूजीसीच्या जेआरएफमध्ये विज्ञानाला पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० आणि पुढे २५,०००. जेआरएफ १६,००० होती तेव्हाही हाच आकडा होता. रसायनं आणि टिप्सची पाकिटं या काळात कितीने महागली, ते तुमच्या लॅबचं जुनं खरेदी रजिस्टर उघडून बघा.

असो. आकड्यावर पुष्कळ लिहिलं जातं. माझी तक्रार वेगळी आहे.

मग तारीख

यूजीसीच्या फेलोशिपचे पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलमार्फत थेट खात्यात येतात. त्यासाठी दर महिन्याला संस्थेने 'हा विद्यार्थी हजर आहे' अशी नोंद करायची असते. एक जण नोंद भरतो, दुसरा ती तपासून पुढे पाठवतो. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे आणि पूर्वीच्या चेकच्या फेऱ्यांपेक्षा नक्कीच बरी आहे. पण या साखळीतला एक जण रजेवर गेला, बदली झाली, लॉगिन बंद पडलं, की तो महिना गेला. आणि त्या महिन्याचं भाडं घरमालक सोडत नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी असे सात महिने गेले. कारण इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते: कक्षातले अधिकारी बदलले आणि नव्या अधिकाऱ्यांच्या नावाने लॉगिन तयार व्हायला वेळ लागला. कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक जण मला "पुढच्या आठवड्यात बघा" असं अगदी प्रेमाने सांगत होता.

मी तेव्हा मुलुंड पूर्वेला दोघींबरोबर राहत होते. मुंबईत भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचा करार, आधी डिपॉझिट, वर दलाली. सगळं आगाऊ. फेलोशिप सगळी मागाहून. पहिले दोन महिने साठवलेले पैसे पुरले. तिसऱ्या महिन्यात आईने भिशीचे पैसे दिले. चौथ्या महिन्यापासून मी घाटकोपरला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायला लागले, संध्याकाळी सहा ते आठ.

आता नियम वाचा. फेलोशिप चालू असताना विद्यार्थ्याने दुसरी कुठलीही नोकरी, पगारी वा बिनपगारी, करायची नाही आणि दुसरीकडून मानधन घ्यायचं नाही. म्हणजे मी नियम मोडला. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण तुम्ही ज्यांना ज्यांना 'सिन्सियर स्कॉलर' समजता, त्यांच्यातल्या अनेकांनी तो मोडलेला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून सांगते.

याची किंमत पैशात मोजता येत नाही, पण वहीत दिसते. मी जिवाणूंच्या वाढीवर काम करते. वाढीचा आलेख काढायचा तर दर अर्ध्या तासाने रीडिंग घ्यावं लागतं. त्या काळातल्या माझ्या आलेखांत साडेपाच ते साडेआठ या वेळेचे बिंदू नाहीत. नेमकी तिथेच वाढीची गती बदलते. ते सगळे प्रयोग मला पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागले. थकबाकी एकदम जमा झाली त्या दिवशी मैत्रिणी म्हणाल्या, पार्टी दे. मी आईचे आणि दोन मैत्रिणींचे पैसे परत केले. उरलेल्यात आम्ही तिघींनी वडापाव खाल्ला.

नियम कुणासाठी लिहिलेत?

त्यानंतर मी नियमावली पुन्हा वाचली, या वेळी पेन्सिल घेऊन. विद्यार्थ्याने काय, कधी करायचं त्याखाली एक रेघ. देणाऱ्याने काय, कधी करायचं त्याखाली दोन.

एका रेघेची वाक्यं भराभर सापडली. हजेरीची नोंद दर महिन्याला. दोन वर्षांनी समितीपुढे मूल्यमापन, तरच एसआरएफ. एकूण मुदत पाच वर्षं. (यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांत पदवीची कमाल मुदत सहा वर्षं आहे. सहावं वर्ष कशावर काढायचं, याचा हिशोब तुमचा तुम्ही करायचा.) दोन रेघांचं जे वाक्य मी शोधत होते ते असं: पैसे अमुक तारखेपर्यंत जमा होतील आणि उशीर झाल्यास विद्यार्थ्याला अमुक भरपाई मिळेल. असं वाक्य नाही.

हा काही टायपिंगमधला विसर नाही. या कागदात एका बाजूला कर्तव्यं आहेत आणि दुसऱ्या बाजूला कृपा आहे. कृपेला तारीख नसते.

तुम्ही म्हणाल, सरकारी कामाला कुठे तारीख असते? असते. २००५ च्या मनरेगा कायद्यात मजुरी पंधरा दिवसांच्या आत द्यायची आणि सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्के दराने भरपाई द्यायची अशी तरतूद आली. त्याच्याही आधी आपल्या महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात मान्य केलं होतं की काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. अंमलबजावणी कशी होते ते आपल्याला माहीत आहे. पण मजूर निदान कायद्यावर बोट ठेवून सांगू शकतो की माझे पैसे उशिरा आलेत. संशोधक विद्यार्थी फक्त विनंती अर्ज लिहू शकतो.

उलट बाजूला बँक बघा. एम.एस्सी.साठी शैक्षणिक कर्ज काढलं असेल, तर सवलतीची मुदत संपली की हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. "माझी फेलोशिप अडकली आहे" हे वाक्य त्या संगणकाला समजत नाही.

राज्याच्या फेलोशिपचं काय?

नेट-जेआरएफ नसलेल्या आपल्या अनेक मित्रांचा आधार बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत. इथे प्रश्न तारखेचाच आहे, फक्त आणखी आधी सुरू होतो. पैसे कधी येणार यापेक्षा, मिळणार की नाही हे कधी कळणार?

बार्टीच्या २०२१ च्या फेलोशिपसाठी जागा २०० होत्या आणि पात्र ठरलेले विद्यार्थी ८६१. सगळ्यांना फेलोशिप मिळावी म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलं आझाद मैदानावर बसली. ही मुलं पीएच.डी.ला आधीच नोंदणी झालेली होती, लॅब आणि फील्डवर्क सोडून मैदानात आली होती. त्याच वर्षी तिन्ही संस्थांना सारखं धोरण लावायचं ठरलं, सामायिक चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ ला झालेल्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेचाच पेपर आल्याचं उघड झालं आणि १० जानेवारी २०२४ ला ती पुन्हा घ्यावी लागली.

त्याच डिसेंबरात विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला होता. त्यावर बराच गदारोळ झाला. मला त्या वाक्याचा राग आला, पण त्यामागच्या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे. राज्याकडे पैसा मर्यादित आहे, सगळ्यांना फेलोशिप देता येणार नाही, हा मुद्दा खोटा नाही. नोंदणी केलेला प्रत्येक जण उत्तम संशोधन करतो, असंही नाही. चाळणी लावा, जागा ठरवा. पण ते मुलांनी नोंदणी करण्याआधी सांगा. घर बदलून, नोकरी सोडून, दीड वर्ष काम केल्यावर 'तुमची जागा २०० मध्ये बसते का बघू' असं सांगणं हा काटकसरीचा मार्ग नव्हे. अशाने चाळणी लागते ती गुणवत्तेची नाही, तर कुणाचं घर किती दिवस थांबू शकतं याची.

बार्टीची ही फेलोशिप ज्यांच्या नावाने आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव आठवा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला प्रवेश घेतला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पैसे यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. बुद्धी १९१७ मध्येही तीच होती. संपली होती ती मुदत. बाबासाहेबांनी वाट काढली म्हणून प्रत्येकाने तशीच काढावी, हा त्यातून घ्यायचा धडा नाही.

तर तुम्ही काय करायचं?

पीएच.डी. करू नका, असं मी सांगत नाही. मी पुन्हा निवड करायची वेळ आली तर हेच करेन. पण डोळे उघडे ठेवून करा.

एक, नेटचा निकाल आला की आपण कोणत्या वर्गात आहोत ते नीट वाचा. जून २०२४ पासून तीन वर्ग आहेत आणि फेलोशिप फक्त पहिल्या वर्गाला, म्हणजे जेआरएफला आहे. 'पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' याचा अर्थ 'पैसे मिळणार' असा नाही.

दोन, लॅब बघायला जाल तेव्हा गाईडचे पेपर विचारालच. पण तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला न्या आणि विचारा, "शेवटचे पैसे कधी आले? कोणत्या महिन्याचे?" या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तुम्हाला हाताशी ठेवावी लागणारी रक्कम. ती घरी आधीच बोलून ठेवा, नंतर नाही.

तीन, रुजू झाल्याचं पत्र, दर महिन्याची हजेरी, प्रगती अहवाल, प्रत्येकाची पोच घ्या. तोंडी "झालं काम" वर विश्वास ठेवू नका. माझे सात महिने पाच झाले असते, जर मी पहिल्या दिवसापासून ईमेल केले असते.

चार, एकट्याने अर्ज करू नका. आमच्या वेळी आम्ही अकरा जण अडकलो होतो आणि हे आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच काहीतरी कागद राहिला असेल. सगळ्यांनी मिळून एक पत्र दिलं, त्यानंतर काम हललं.

आणि त्या पत्रात फक्त 'फेलोशिप द्यावी ही विनंती' असं लिहू नका. एक तारीख मागा: पैसे कोणत्या दिवशी येतील आणि आले नाहीत तर जबाबदारी कुणाची. आम्ही ते मागितलं नव्हतं. आमचे पैसे आले. आमच्यानंतरच्या बॅचचे पुन्हा चार महिने अडकले.

घाटकोपरला प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी हे सगळं सांगायला हवं होतं. ती हे वाचत असेल तर तिला माझं उत्तर असं आहे: पैसे येतात, महिन्याच्या महिन्याला येतीलच असं नाही, आणि हा प्रश्न पहिलाच विचारलास ते बरोबर केलंस.