‘प्रिफर्ड’ कोणाला?

उलव्यात भाड्याचा फ्लॅट शोधायला मोबाइल हातात घेतला की एक शब्द सारखा आडवा येतो. फॅमिली प्रिफर्ड. व्हेज प्रिफर्ड. अर्थ बघितला तर ही नुसती पसंती. म्हणजे बाकीच्यांनाही वाव असायला हवा. फोन करून ‘आम्ही मासे खातो’ एवढंच सांगून बघा. समोरून येतो तो सरळ नकार.

तिथून जासई जवळच. दि. बा. पाटलांचं गाव. 1984च्या जानेवारीत सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी या भागात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आज तशाच भूखंडांवरच्या इमारतींमध्ये आगऱ्या-कोळ्यांच्या ताटातला बोंबील ‘प्रिफर्ड’ नाही.

हेच मराठीत लिहायचं तर ‘मांसाहारी नकोत’ असं लिहावं लागेल. ‘नको’ कानाला टोचतं, आणि टोचलं की माणूस ‘का?’ विचारतो. ‘प्रिफर्ड’ला कोणी ‘का’ विचारत नाही.

इंग्रजी शब्दांवर माझा राग नाही. ‘मूड नाही’ मीही रोज म्हणतो, त्याला प्रतिशब्द शोधत बसायचा मूड नाही. पण ‘माझी विसरायची टेंडन्सी आहे’ कशाला? ‘मी विसरतो’ म्हटलं तरी सवय कळते. शिवाय विसराळू, झोपाळू, रडका, भांडखोर. माणसाचा कल आपण शब्दाच्या शेपटातच बांधून टाकतो. ‘खावंसं वाटतं’मधलं ते ‘सं’ बघा. एका अक्षरात अख्खी इच्छा.

आणखी एक गंमत. ‘मला बोंबील आवडतात’ यात क्रियापद बोंबलाचं ऐकतं, माझं नाही. आवड माझ्याकडे येते, मी फक्त ‘मला’ असतो. आगरीत ‘मना’. ‘मी बोंबील प्रेफर करतो’ म्हटलं की मीच कर्ता, जणू चार पर्याय तपासून ठरवलंय. असो, तेही चालेल. निदान कोण बोलतंय ते कळतं.

‘व्हेज प्रिफर्ड’मध्ये मात्र ना ‘मी’ आहे ना ‘मला’. एका एजंटला मी विचारलंच, “प्रिफर्ड कोणाला?”

“सोसायटीला.”

सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथे म्हणाले, “आमचं काही नाही हो, घरमालकाला.”

घरमालक फोनवर म्हणाले, “मला चालतं. पण सोसायटीला...”