अंगावरचे दूध, पडद्यावरचा सल्ला

मराठीत 'अंगावर पाजणे' हा शब्दप्रयोग इतका सोयीचा आहे की त्यात स्तनाचा उल्लेखच येत नाही. सासऱ्यांसमोर, एसटीत, शेताच्या बांधावर तो कुणालाही उच्चारता येतो. सरकारी भित्तिपत्रकांनी त्याच्या जागी 'स्तनपान' आणले, शहरी दवाखान्यांनी 'ब्रेस्टफीडिंग'. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर मराठीतून बोलणाऱ्या स्तनपान सल्लागारांच्या तोंडी बहुधा हेच दोन शब्द असतात. पहिल्याला शास्त्राचे वजन आहे, दुसऱ्याला शहराचे. गेली काही वर्षे या चित्रफिती मी वाङ्मयप्रकार म्हणून पाहते आहे. त्यांना स्वतःची भाषा आहे, ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे, आणि अलीकडे ठरलेले खलपात्रही आहे: सासू.

हा व्यवसाय आपल्याकडे नवा आहे. स्तनपान सल्लागारांची परीक्षा घेणारे आंतरराष्ट्रीय मंडळ 1985 साली स्थापन झाले. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी भारतात वैधानिक परिषदा आहेत. स्तनपान सल्लागाराला तशी परिषद नाही. साहजिकच तिचे समाजमाध्यमावरचे पान हीच तिची पाटी, तोच तिचा वर्ग आणि पुष्कळदा तोच दवाखाना. एकाच पानावर ही तीन कामे आली की त्यांची आपसात ओढाताण होते. या लेखनप्रकाराचे गुणदोष त्या ओढाताणीतून आलेले आहेत.

मूळ काम काय आहे ते आधी पाहू. सल्लागार बाळाचे एक पूर्ण पाजणे शेजारी बसून पाहते. बाळाचे तोंड पुरेसे उघडते का, हनुवटी स्तनाला टेकते का, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठापाशी जास्त आणि खालच्या ओठापाशी कमी दिसतो का, गिळल्याचा आवाज येतो का. याला साध्या भाषेत बाळाची पकड म्हणतात. ती चुकली की आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहते. हे शिकवायचे तर दाखवावे लागते, आणि दाखवण्यापाशीच माध्यम अडते. फेसबुकने 2014 मध्ये पाजतानाच्या छायाचित्रांबाबतचा नियम सैल केला. इन्स्टाग्रामचा लेखी नियमही अशा छायाचित्रांना परवानगी देतो. तरी पहिली छाननी यंत्र करते, आणि यंत्राला शिकवण व नग्नता यांतला फरक कळेलच असे नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ब्राझीलमधल्या एका स्त्रीने स्तनाच्या कर्करोगाची लक्षणे दाखवणारी छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकली. यंत्राने ती काढून टाकली. प्रकरण कंपनीच्या देखरेख मंडळापुढे गेल्यावर कंपनीने चूक कबूल करून ती परत लावली, आणि मंडळाने जानेवारी 2021 मध्ये यंत्रावरच विसंबण्याबद्दल कंपनीला सुनावले. इकडे एकटी सल्लागार एवढी झुंज कशाला देईल? ती बाहुली घेते, विणलेला लोकरी स्तन घेते, नाहीतर चित्र धूसर करते. हे साहित्य प्रशिक्षणवर्गात उत्तम चालते, कारण तिथे चूक सुधारायला शिक्षिका समोर असते. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत मात्र दाखवणे मागे पडते आणि सांगणे उरते. मग 'या पाच चुका टाळा' छापाची वाक्ये येतात. प्रत्येक आईला ती आपल्यालाच उद्देशून आहेत असे वाटते.

या प्रकारातले सर्वांत प्रभावी वाक्य म्हणजे 'दूध पुरत नाहीये का?'. ते भीती जागी करते. खरे उत्तर अगदी रुक्ष आहे: पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने चोवीस तासांत साधारण सहा किंवा जास्त लंगोट ओले केले आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मवेळचे वजन भरून काढले, तर दूध पुरते आहे. संध्याकाळी बाळ पुन्हापुन्हा प्यायला मागते, स्तन मऊ लागतात, म्हणजे दूध आटले असे नाही. चांगल्या सल्लागार हेच सांगतात. पण काही पानांवर याच प्रश्नाखाली दूध वाढवणाऱ्या पुडीची नाहीतर पंपाची सवलत असते. 1992 च्या कायद्याने (2003 मध्ये तो अधिक कडक झाला) दूधभुकटी, बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराच्या जाहिरातींवर बंदी घातली, आरोग्यसेवकांना कंपन्यांकडून लाभ घेण्यास मनाई केली. पंप आणि दूध वाढवणारी पुडी त्या व्याख्यांत बसत नाहीत. बाटलीच्या विरोधात तळमळीने बोलणारी व्यक्ती कायदा न मोडता दुसऱ्या मालाची विक्रेती होऊ शकते, ती या फटीतून. ऑगस्ट 2023 पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्यावर बोलणाऱ्या प्रभावकांनी आपली पात्रता उघड करायची आहे. पात्रता उघड केल्याने सवलतीच्या संकेताचे काय होते, ते मला समजलेले नाही.

अर्थात समोरचा पक्ष फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार दूधभुकटी कंपन्यांची समाजमाध्यम खाती दिवसाला सुमारे 90 वेळा मजकूर टाकतात आणि 22 कोटी 90 लाख लोकांपर्यंत पोहोचतात. बिगर-व्यापारी खात्यांवरच्या स्तनपानाच्या माहितीच्या तिप्पट ही पोहोच आहे. सल्लागारांनी मैदान सोडावे असे म्हणणे त्यामुळे शहाणपणाचे नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशात जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बाळे 41.8 टक्केच होती. शेजारी आई नाही, मावशी नाही, रात्रीचे तीन वाजलेत, अशा बाईला मोबाइलवरचा एक शांत आवाज किती आधाराचा असतो, हे मी नाकारत नाही.

माझा खरा आक्षेप कृतज्ञतेच्या चित्रफितींना आहे. आठव्या दिवशी रडणारी आई, विसाव्या दिवशी हसणारी आई. खाली तिच्या व्हॉट्सअॅप संदेशाची छबी. आंतरराष्ट्रीय मंडळाच्या 2011 च्या आचारसंहितेत आई-बाळाचे चित्रण करण्यापूर्वी आगाऊ लेखी संमती मागितली आहे. पण टाके ओले असलेल्या, नुकतीच वेदनेतून सुटलेल्या बाईची संमती उपकाराच्या ओझ्याखाली दिलेली असते, आणि बाळाला तर कोणी विचारतच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2 ऑगस्ट 2023 च्या नियमावलीत डॉक्टरांनी रुग्णांकडून प्रशस्ती मागू नये, बऱ्या झालेल्यांची छायाचित्रे पसरवू नयेत असे कलम होते. त्याच महिन्याच्या 23 तारखेला ती नियमावली स्थगित झाली.

इथे र. धों. कर्वे आठवतात. 'समाजस्वास्थ्य' (1927-53) मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते छापील उत्तरे देत. 1934 चा अश्लीलतेचा खटला याच उत्तरांवरून झाला, आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या सदरात प्रश्न उघडा असे आणि विचारणारा झाकलेला. आजच्या चित्रफितीत विचारणारी उघडी पडते आणि तिचा प्रश्न, म्हणजे तिच्या बाळाची नेमकी पकड, धूसर केलेला असतो. कर्व्यांवर खटला झाला तो सर्वांच्या उपयोगाचे स्पष्ट लिहिल्याबद्दल. आताचे माध्यम ते स्पष्ट दाखवू देत नाही, खाजगी तेवढे खुशाल दाखवू देते.

दुसरी वाटही आहे. मुंबईच्या आयआयटीत डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने मराठीसह अनेक भारतीय भाषांत स्तनपानाचे दृक्-श्राव्य पाठ तयार झाले. आई कशी बसेल, कोणता हात कुठे येईल, स्तन कसा धरायचा, बाळाला कोणत्या क्षणी जवळ घ्यायचे, हे त्यांत एकेक पायरीने येते. त्यांना चटकदार सुरुवात नाही, कोणाची कहाणी नाही. आशा कार्यकर्ती ते थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहू शकते. 'रंजक' म्हणून त्यांची कोणी शिफारस करणार नाही.

आणि काही सल्लागारांच्या पानांवर, शेकडो प्रतिक्रियांच्या खाली, एक ओळ अधूनमधून सापडते. स्तनावर लाल चट्टा आहे, ताप आहे, काय करू, असे कोणी विचारलेले असते. उत्तर असते: "ताई, हे इथे सांगता येणार नाही. पाजणे थांबवू नका, पण आजच डॉक्टरांना दाखवा; पकड मला समोर बसून पाहावी लागेल."