‘वाहतूक’ या रूपकाची मर्यादा : संगणक-जाळ्यांच्या मराठी परिभाषेविषयी

संगणकांच्या जाळ्यातून होणाऱ्या माहितीच्या येण्याजाण्यास मराठीत ‘वाहतूक’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि ते येणेजाणे सुरळीत राहावे म्हणून गेल्या साठ वर्षांत ज्या युक्त्या निघाल्या त्यांस ‘वाहतूक नियंत्रण’ असे सरसकट नाव मिळाले आहे. शब्द सुबोध आहे. घडणीच्या दृष्टीने त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. वृत्तपत्रांनी तो घरोघरी पोचवला आहे. तथापि ज्या वस्तूचा तो द्योतक आहे, त्या वस्तूचे स्वरूप तो जवळजवळ उलटे करून दाखवतो. परिभाषेची परीक्षा करताना शब्द संस्कृतोद्भव आहे की उसना, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तो शब्द मनात कोणते चित्र उभे करतो, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

‘वाहतूक नियंत्रण’ म्हटले की मराठी वाचकापुढे चौक उभा राहतो, आणि चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस. त्यास चारही रस्ते दिसतात, कोणाला थांबवावे आणि कोणाला सोडावे हे तो ठरवतो, आणि त्याचा हात वर होताच गाड्या थांबतात. दूरध्वनीच्या जमान्यात हे चित्र अगदीच गैरलागू नव्हते. कोपनहेगनच्या एरलांगने 1909 साली दूरध्वनीच्या संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावले. त्या शास्त्रात जिला ‘ट्रॅफिक’ म्हणतात ती एका मध्यवर्ती केंद्रातून जात असे, आणि केंद्रास जागा नसेल तर संभाषण मुळात जुळतच नसे. पाकिटांच्या जाळ्यात असे सर्वसाक्षी केंद्र नाही, आणि सगळा अनर्थ येथूनच सुरू होतो.

ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांना जोडणाऱ्या मार्गाचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर अवघे चारशे यार्ड. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. पाकिटे हरवत होती, म्हणून पाठवणारे संगणक ती पुन्हा पाठवत होते. पुन्हा पाठवलेल्या पाकिटांनी मार्ग आणखी तुंबत होता, म्हणून आणखी पाकिटे हरवत होती. जॉन नेगल याने 1984 मध्येच या प्रकाराचा इशारा देऊन त्यास नाव दिले होते. व्हॅन जेकबसन याने 1988 साली जो उपाय प्रसिद्ध केला, त्यात चौकात एकही नवा पोलीस उभा केलेला नाही. पाठवणाऱ्याने आरंभी एकच पाकीट सोडावे. पोच येत गेली की फेरीगणिक दुप्पट करावी. पाकीट हरवल्याचे ध्यानात आले की पुढे रस्ता तुंबला असे समजून आपली मर्यादा निम्म्यावर आणावी, आणि मग एकेका पाकिटाने ती जपून वाढवावी. रस्ता कोणालाच दिसत नाही. येणारी पोच आणि न येणारी पोच, एवढ्यावरून जो तो स्वतःला आवरतो. त्या प्रसंगानंतर महाजाल कित्येक पटींनी वाढले आणि तरीही तसे बसले नाही, याचे मोठे श्रेय या आवरण्यास आहे. त्यास ‘नियंत्रण’ म्हणणे म्हणजे संयमी माणसाला बंदिवान म्हणण्यासारखे आहे.

मराठीजवळ या वस्तूचे चित्र नाही असे नव्हे. ते चौकात शोधले गेले एवढेच. मुंबईच्या उपनगरातील मढ आणि समोरचे वर्सोवा, म्हणजे कोळ्यांचे वेसावे, यांच्यामध्ये मालाडची खाडी आहे. तरीने गेल्यास हे अंतर काही मिनिटांचे. रस्त्याने जायचे तर मार्वे-मालाडवरून मोठा वळसा पडतो. तरीच्या धक्क्यावर उतारूंची रांग कितीही वाढो, पलीकडे गेलेली होडी रिकामी होऊन परतल्याखेरीज पुढच्या उतारूंना वाट नाही. होडीचे परतणे हीच पोच, आणि त्या पोचेच्या तालावरच पुढची खेप सुटते. जेकबसनच्या रचनेचे मर्म हेच आहे : जाळ्यातून एक पाकीट बाहेर पडल्याची खूण मिळाल्यावाचून नवे आत घालू नये. दृष्टांत अर्थातच पुरा जुळत नाही. नावाड्यास पैलतीर दिसतो, संगणकास तो दिसत नाही. पण चौकाच्या दृष्टांतापेक्षा हा वस्तूच्या पुष्कळ जवळ आहे, आणि योगायोगाची गोष्ट अशी की, परदेशांतून समुद्राच्या तळावरून येणाऱ्या कित्येक केबल त्याच वेसाव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. डोलीचे जाळे आणि हे दुसरे जाळे एकाच पाण्यात आहेत.

‘पोच’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. टपालात आणि कचेरीत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पोच देणे, पोच घेणे, पोचपावती हे सगळे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. असे असता त्या जागी ‘अभिस्वीकृती’ बसवण्याचा सोस कशासाठी, हे कळत नाही. दोन संगणकांत जोडणी होण्यापूर्वी जे तीन निरोप जातात त्यांना ‘त्रिमार्गी हस्तांदोलन’ म्हणणे हेही त्याच जातीचे. हस्तांदोलनात दोन्ही हात एकाच क्षणी भेटतात. येथे तसे काही होत नाही. एक हाक मारतो, दुसरा ओ देऊन उलट हाक मारतो, आणि पहिला त्या हाकेला ओ देतो. ‘हाक आणि ओ’ ही जोडी मराठी कानाला जन्मापासून ठाऊक आहे.

‘पाकीट’ या शब्दाची कथा तर भाषाभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. माहितीचे लहान तुकडे स्वतंत्रपणे पाठवण्याची कल्पना डोनाल्ड डेव्हिस याने 1965 साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत मांडली, आणि तुकड्यास नाव देताना ते इतर भाषांतही चालेल ना, याबद्दल भाषातज्ज्ञांचे मत घेतले. यंत्रविद्येच्या इतिहासात असा विवेक क्वचित आढळतो. मराठीपुरते तरी त्याचे काम अपेक्षेबाहेर साधले. येथे पाकीट म्हणजे पत्ता लिहिलेला लिफाफा, आणि संगणकाच्या पाकिटावरही पत्ताच असतो; त्यास ‘संवेष्टन’ म्हणण्याची मुळीच गरज नव्हती.

जोनाथन टर्नर याने 1986 साली सुचवलेली युक्तीही अशीच. वर कितीही ओता, खालच्या भोकातून ठरल्या वेगानेच गळेल आणि काठोकाठ भरल्यावर उरलेले सांडेल, अशा भांड्याच्या नमुन्यावर ती बेतलेली आहे. मराठीत तिचा ‘गळकी बादली’ असा तर्जुमा दिसतो. गळकी बादली हे सदोष भांडे होय. ती दुरुस्त करतात. मढ हे किल्लेश्वराचे गाव. महादेवाच्या पिंडीवर जे टांगतात, ज्याचे भोक दोष नसून प्रयोजन आहे, त्या पात्राला ‘गळंती’ हे नाव मराठीत कधीचेच आहे.

रांगेविषयीही एक शब्द लिहिणे अवश्य आहे. हरवणे वाईट आणि साठवणे चांगले, असे सामान्य बुद्धीला वाटते. म्हणून यंत्रे बनवणाऱ्यांनी मार्गावरच्या साधनांत साठवणीची जागा वाढवत नेली. 2010 च्या सुमारास जिम गेटिस याने दाखवून दिले की, या औदार्यानेच विलंब वाढतो. पाकीट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्यास तुंबल्याची खबर लागत नाही, आणि तो पाठवतच राहतो. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी 1993 मध्येच रांग भरण्यापूर्वी अधूनमधून एखादे पाकीट मुद्दाम टाकून देण्याची रीत सुचवली होती. ‘वाहतूक’ म्हटल्यावर ही रीत निव्वळ क्रौर्य ठरते, कारण रस्त्यावरची गाडी कोणी दरीत लोटत नाही. ती दंड नव्हे, खबर आहे, हे त्या शब्दातून उमगणे शक्य नाही.

आतापर्यंत ‘युक्ती’ आणि ‘रीत’ हे शब्द वापरले, ‘शोध’ टाळला. त्यास कारण आहे. असलेले सापडणे आणि नसलेले घडवणे, या दोहोंनाही मराठी ‘शोध’च म्हणते. 1970 च्या एकस्व अधिनियमात मात्र सगळा व्यवहार या भेदावर उभा आहे : वैज्ञानिक तत्त्व नुसते सापडले तर त्यावर एकस्व मिळत नाही, आणि तिसऱ्या कलमाने नुसत्या संगणक-कार्यक्रमास व गणनरीतीसही वगळले आहे. त्यामुळे जाळ्यांविषयीच्या युक्त्यांचे अर्ज ‘पहिले साधन’, ‘दुसरे साधन’, ‘संदेश’ अशा नाव पुसलेल्या वस्तूंच्या भाषेत लिहिलेले आढळतात. शब्द जितका मोघम, तितका हक्क विस्तृत. परिभाषाकार शब्द नेमका करू पाहतो आणि एकस्वाचा लेखक तो सैल ठेवू पाहतो. दोघांच्या हाती शब्द एकच. मुंबईचे एकस्व कार्यालय अँटॉप हिलला आहे, परंतु अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीतच करावा लागतो. त्यामुळे या झटापटीत मराठीला आजवर उतरावेच लागलेले नाही, आणि ‘शोध’ या शब्दाचा सैलपणाही तसाच राहून गेला आहे.

‘आवर’ हा शब्द सर्वत्र चालवावा असे मात्र म्हणता येणार नाही. पाठवणारा स्वतःला आवरतो ही एक गोष्ट. वाटेवरची कंपनी कोणाची पाकिटे आधी सोडायची आणि कोणाची रोखायची हे ठरवते ही अगदी दुसरी. दुसरीस ‘नियंत्रण’च म्हटले पाहिजे, आणि तिच्यासाठी मराठीत याहूनही नेमका शब्द आहे. ‘रहदारी’ हा आज ‘वाहतुकी’चा सौम्य पर्याय वाटतो, पण मूळची राहदारी हा वाटेवर घेतला जाणारा कर होता, आणि वाट सोडण्याचा परवानाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी, कोणता मजकूर पाहिला यावरून दरात भेद करण्यास मनाई केली, ती या राहदारीलाच. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच प्राधिकरणाने मजकुरावरून होणाऱ्या इतर पक्षपातासही प्रतिबंध करण्याची शिफारस केली, आणि जुलै 2018 मध्ये केंद्र शासनाने ते तत्त्व मान्य केले. त्या तत्त्वाला जो अपवाद ठेवला आहे, तो ‘वाजवी वाहतूक-व्यवस्थापना’चा : उपाय प्रमाणशीर, तात्पुरता आणि पारदर्शक असावा, एवढीच अट. अपवादाचा सारा भार एका रूपकावर आहे. जेकबसनचा आवर आणि कंपनीची राहदारी, दोन्हींना एकच नाव असलेल्या भाषेत एखादा मराठी ग्राहक तक्रार लिहायला बसला, तर आपल्याला कोणी अडवले की मार्गच तुंबला होता, हे विचारण्यापुरतेही शब्द त्याच्याजवळ नसतात.