बुडालेल्या खोऱ्याचे आत्मचरित्र

मुळशी धरणाच्या पाण्याखाली जी गावे गेली, तिथल्या एखाद्या घरात 1915 सालच्या आषाढात काय शिजत होते, हे कुठल्या मराठी पुस्तकात सापडेल? त्याच सुमारास पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत काय शिजत होते, कोण कुणाच्या हाताखाली राबत होते, विधवेच्या ताटात काय पडत होते, हे सांगणारी पुस्तके मराठीत आहेत आणि ती उत्तम आहेत. पुण्याहून मुळशी एका दिवसाच्या वाटेवर. तरी एका ठिकाणचे घर आपल्याला आतून माहीत आहे आणि दुसऱ्या ठिकाणचे बाहेरूनसुद्धा नीट दिसत नाही. मराठी आठवणींच्या वाङ्मयाची आजची स्थिती तपासायची तर मी या अंतरापासून सुरुवात करेन.

हे वाङ्मय मोठे आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ झाशीच्या वेढ्यासाठी वाचला जातो. माझ्या मते त्याची खरी श्रीमंती वेढ्याबाहेर आहे. गरीब भिक्षुकाची रोजची भ्रांत, मुक्कामाची सोय, कुणाच्या पंक्तीला काय मिळाले, आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतण्याची ओढ, हे सगळे त्यात आहे. चिं. वि. वैद्यांनी 1907 साली हे पुस्तक छापताना भाषेत आणि मजकुरात बदल केले. मूळ हस्तलिखिताप्रमाणेचा मजकूर वाचकांना मिळायला 1966 साल उजाडले. तो दत्तो वामन पोतदारांनी संपादित केला. आठवणी लिहिणाऱ्याला जे सांगावेसे वाटते आणि संपादकाला जे छापण्याजोगे वाटते, त्यातले अंतर मराठीत इतके जुने आहे.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली आले. त्यांनी ते लिहिले न्यायमूर्तींसाठी. जगाला आपल्या पतीचा मोठेपणा कळावा ही त्यांची इच्छा. आज आपण ते वाचतो ते वेगळ्याच गोष्टीसाठी: नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायका सुनेला कसे टोचून बोलत, दिवसभर तिला काय सोसावे लागे आणि रात्री तीच मुलगी पुन्हा पुस्तक घेऊन कशी बसे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात चार भागांत निघाली. त्यांच्या वडिलांचे सोवळे, बाजारातून आलेली जिन्नस पाण्यातून काढूनच घरात घेण्याचा त्यांचा हट्ट, त्यापायी बायकांचे होणारे हाल हे वाचताना एकोणिसाव्या शतकातले एक अख्खे कोकणस्थ घर डोळ्यांपुढे उभे राहते. इतिहासाच्या कुठल्याही ग्रंथाला हे जमलेले नाही. आठवणींतला रोजचा व्यवहार बहुतेक वेळा असाच कडेने येतो. लेखकाचे लक्ष दुसरीकडे असते, म्हणून तो खोटे बोलण्याच्या भानगडीत पडत नाही. जे सिद्ध करायला बसलो आहोत ते माणूस सजवतो. भाकरी कुठे ठेवली होती ते सजवत नाही.

पण वाड्यातले आठवणीकार वाड्याच्या दिंडीशी थांबतात. दिंडीबाहेरचे जगणे आतून लिहिले जायला बराच काळ जावा लागला. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली आले आणि तराळकी म्हणजे काय, मुंबईच्या कावाखान्यात माणसे कशी राहत, हे पहिल्यांदाच इतक्या जवळून कागदावर उतरले. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त कागलकडच्या कुळाच्या पोराला शाळेसाठी बापाशी झगडावे लागते, त्या झगड्याच्या आजूबाजूला शेतावरचे एकेक काम इतके तपशिलाने येते की गुऱ्हाळाची धग जाणवावी. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून वर्षानुवर्षे लिहिले. ते 1986 साली पुस्तकरूपाने आले. बाळंतिणीच्या पोटातली भूक, आषाढातले देवदेव, सुनेचे हाल यांबद्दल त्या जे सांगतात त्याला मराठीत तोड नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो. आपल्याच लोकांना त्या कुठे झुकते माप देत नाहीत. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) आई बांबूच्या कामट्या विणत बसलेली असते आणि लेखनाची वीणही तिथूनच येते.

रशियाच्या बाबतीतही हेच घडले. तिथल्या जमीनदार घराण्यांच्या आठवणी भरपूर. सेर्गेई अक्साकोव यांनी 1856 साली आपल्या घराण्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्यात आजोबा सकाळी कुठल्या मनःस्थितीत उठले यावर साऱ्या घराचा दिवस ठरतो. भूदासांच्या काळातली हवेली कळण्यासाठी तेवढे एक प्रकरण पुरे. पण ज्या भूदासांच्या जिवावर ती हवेली चालायची, त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी फार थोड्या. अलेक्सांद्र निकितेंको हा त्यांतला एक. 1804 साली शेरेमेत्येव घराण्याचा भूदास म्हणून जन्मलेला हा मुलगा पुढे पीटर्सबर्गला प्राध्यापक आणि सरकारी सेन्सॉर झाला, म्हणून त्याचे बालपण आपल्यापर्यंत पोहोचले. गॉर्कीचे ‘माझे बालपण’ मराठी वाचकाला अनुवादातून ओळखीचे आहे. आजीच्या गोष्टी आणि आजोबांचे फटके यांतून निझ्नी नोव्हगोरोदचे कनिष्ठ शहरी घर त्यात दिसते. लिहिणारा वर आला तरच खालचे जगणे लिहिले गेले.

मुळशीतून असा कुणी वर आलाच नाही का?

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले तेव्हा त्या खोऱ्यात 52 गावे आणि सुमारे 11,000 माणसे होती. भाताची खाचरे, त्यांत आंबेमोहर, उतारावर नाचणी-वरई, वैशाखात भाजलेले राब आणि पाऊस लागला की आवण. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा घेऊन मावळे बांधकामावर जाऊन बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा पुढे नेला. 1924 च्या अखेरीस बापटांनी रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालेच. 1927 पासून त्या पाण्यावर कोकणातल्या भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली.

या लढ्यावर लिखाण आहे. भुस्कुट्यांनी स्वतः ‘मुळशी सत्याग्रह’ लिहिले. पुढे राजेंद्र व्होरा यांनी कसोशीने अभ्यास केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 2009 साली आला. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, कसणारे कूळ आणि मोबदला घेणारा मालक यांचे हित एक नव्हते, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. या कामाचे मोल मोठे आहे. पण सत्याग्रहाच्या लिखाणाला सत्याग्रहाचेच बघायचे असते. तुकड्या कधी निघाल्या, पुण्याच्या सभेत कोण काय बोलले, कुणाला किती महिन्यांची सजा झाली याच्या नोंदी त्यात मिळतात. बांधकामावर जाऊन बसलेल्या बाईने पोर कुणापाशी ठेवले होते, त्या वर्षी राब भाजले की नाही, कणगी कधी रिकामी झाली, हे त्यात येत नाही. पुढाऱ्याच्या आठवणीत गाव गर्दी म्हणून येतो. मी हा भुस्कुट्यांचा दोष मानत नाही. ते लढत होते. दोष आपला, की त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे, ज्यांनी ती घरे आपल्या हातांनी उतरवली ती माणसे हयात असताना, कुणी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसले नाही.

रशियात व्होल्गेवर रिबिन्स्कचा जलाशय 1941 पासून भरत गेला. मोलोगा नावाचे अख्खे शहर आणि सुमारे 700 गावे त्याखाली गेली, सव्वा लाखाहून अधिक माणसे उठवली गेली. सोव्हिएत काळात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. तरीही विस्थापितांनी आठवणी जपल्या, पुढे लिहून काढल्या, आणि 1995 साली रिबिन्स्कमध्ये मोलोगाचे संग्रहालय उघडले. कुठल्या गल्लीत कुणाचे दुकान होते हे तिथे सांगता येते. मुळशीकरांवर बोलायची बंदी कधीच नव्हती, आणि धरणही मोलोगाच्या आधीचे. म्हणून आपल्याकडचे मौन मला अधिक अस्वस्थ करते.

तरी खोरे अगदी मुके राहिलेले नाही. मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी-मावळच्या बायकांकडच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. पुढे महाराष्ट्रभरातून जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण संग्रहात त्या आवाजासह ऐकता येतात. मुळशी तालुक्यातल्या कोळवड्याच्या ताराबाई उभे, नांदगावच्या कुसुम सोनवणे यांनी नुसत्या ओव्या गायल्या नाहीत, त्या गोळाही केल्या. त्या ऐकताना पहाटे कोण उठते, सासूच्या घरात सुनेची जागा कुठली, भाऊ आला नाही तर बहीण वाट कशी बघते, वनवासातली सीता या बायकांना आपल्याच घरातली का वाटते, हे सगळे कळत जाते. पंढरी येते, बाबासाहेब येतात.

ओवी म्हणजे आत्मचरित्र मात्र नव्हे, आणि समीक्षकाने ते गोड बोलून लपवू नये. ओवीत साल नसते, भाव नसतो, सावकाराचे नाव नसते. माहेर तिथे नेहमी सुखाचे, भाऊ नेहमी राजबिंडा. साच्यात न बसणारा भाऊ गाळला जातो. ओवी हजारोंची असते, म्हणून एकीची पूर्ण होत नाही. पण बेबी कांबळेंच्या पुस्तकाशेजारी ओव्यांचा हा संग्रह ठेवून वाचला की दोन्ही एकमेकांना पूर्ण करतात. एकीत व्यथा नावानिशी आहे, दुसरीत ती गाण्याच्या चालीत मुरलेली आहे. आमच्या वाङ्मयेतिहासात मात्र एक ‘आत्मचरित्र’ या प्रकरणात जाते आणि दुसरी ‘लोकसाहित्य’ या प्रकरणात, आणि दोघींची गाठ पडत नाही.

दुसरीकडे छापील आत्मचरित्राची आजची अवस्था चिंतेची आहे. दरवर्षी बरीच प्रसिद्ध होतात. त्यांतल्या बहुतेकांत लेखक लहानपणी गरीब असतो, दोन पानांत ती गरिबी संपते आणि पुढची दोनशे पाने पदे, सत्कार आणि परदेश दौऱ्यांची असतात. वाचकाला हवी असते ती नेमकी ती दोन पाने. खोलीत किती जण झोपत, पाणी कुठून येई, आजारी पडल्यावर कुणाला बोलावत, महिन्याचा किराणा केवढ्याचा, हे लेखकाला क्षुल्लक वाटते. ना. गो. चापेकरांना ते क्षुल्लक वाटले नव्हते. ‘आमचा गाव बदलापूर’ (1933) मध्ये त्यांनी एका गावाचे घरदार, सणवार, व्यवहार नोंदवून ठेवले. ते आत्मचरित्र नाही, तरी आजच्या आत्मचरित्रकाराने लिहायला बसण्यापूर्वी ते वाचावे.

मुळशीत हा प्रश्न आता दुसऱ्यांदा उभा आहे. हिंजवडीची भातखाचरे आयटी पार्कखाली गेली. दासवे आणि आसपासच्या डोंगरात लवासा उभे राहिले. ‘मुळशी पॅटर्न’ हा प्रवीण तरडे यांचा चित्रपट 2018 साली आला आणि जमीन विकून आलेल्या पैशाचे पुढे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले. चित्रपटाने हिंसा दाखवली, ती खरीही होती. पण पैसा आला त्या वर्षी घरात पहिली वस्तू कुठली आली, बैल कुणाला विकले, शेतावर जायचे बंद झाल्यावर म्हातारा सकाळी कुठे जाऊन बसू लागला, इतक्या बारीक गोष्टींसाठी पडद्यावर जागा नसते. त्यासाठी पुस्तकच लागते. ते लिहू शकतील अशी माणसे आज साठीत-सत्तरीत आहेत. त्यांतले बरेच शिकलेले आहेत, काही शिक्षक होते, काही कंपनीतून निवृत्त झाले. त्यांच्याजवळ जुने सातबारे आहेत. पीकपाहणीच्या रकान्यात भात, नाचणी, गवत असे लिहिलेले सापडते. त्या भाताची आवण कुणी केली, रोज काय दिला, दुपारी बांधावर भाकरीबरोबर काय खाल्ले, हे उताऱ्यावर नसते. ते त्यांनाच सांगावे लागेल, आणि प्रकाशकांनी त्यांच्याकडे यशोगाथेऐवजी हेच मागायला हवे.