‘ऑनेस्ट’ आणि ‘प्रामाणिक’ : पर्यायशब्दाचा प्रश्न

पर्यायशब्दकोश एका शब्दापुढे अनेक शब्द मांडतो आणि प्रसंग पाहून त्यांपैकी एक उचलावा, असे सुचवितो. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील ‘ऑनेस्ट’ हे विशेषण या पद्धतीची मर्यादा दाखविते. हे विशेषण व त्याचे भाववाचक नाम नाटकात ५२ वेळा येते, याकडे विल्यम एम्प्सन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ (१९५१) या ग्रंथात लक्ष वेधले आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा संबंध मानसन्मानाशी. शेक्सपिअरच्या काळी हे विशेषण पुरुषाची सचोटी सांगे, स्त्रीचे शील सांगे. आणि वरिष्ठाने कनिष्ठाविषयी योजले, की ‘भला गडी’ अशी कौतुकात तुच्छता मिसळलेली छटाही त्यातून उमटे. बढती कॅसिओला मिळते, इयागोच्या वाट्याला हे विशेषण येते. म्हणजे त्याच्यावरील विश्वास आणि त्याची पायरी, दोन्ही एकाच शब्दात व्यक्त होतात.

मात्र खरा पेच पुढेच आहे. इयागोला बहाल झालेले विशेषण डेस्डिमोनालाही लागू होते. दोघांपैकी एकाकडून ते काढून घेणे ऑथेल्लोला भाग पडते, आणि तो चुकीच्या व्यक्तीकडून काढून घेतो. मराठीत इयागोला ‘प्रामाणिक’ व डेस्डिमोनेला ‘शीलवती’ म्हटले, तर प्रत्येक वाक्य निर्दोष होईल. परंतु दोन पात्रांना बांधणारा धागा तुटेल.

महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या १८६७ च्या भाषांतरापासून हे नाटक मराठीत आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. शिवाय येथे निव्वळ हानीच होते, असेही नाही. ‘प्रामाणिक’ या शब्दाच्या मुळाशी ‘प्रमाण’ आहे. ऑथेल्लो प्रत्यक्ष प्रमाण मागतो. त्याच्या हाती येते ते रुमालावरून केलेले अनुमान आणि इयागोचा शब्द. न्यायदर्शनात आप्ताचे वचन प्रमाण मानले जाते. ऑथेल्लो अनाप्ताला आप्त मानतो, हा त्याचा प्रमाद. हा अर्थ ‘ऑनेस्ट’मध्ये नाही, तो मराठी शब्द नाटकाशी भिडल्यावर निर्माण होतो.

म्हणून पर्यायाची परीक्षा अर्थसाम्यावर थांबू नये. त्या शब्दाने संहितेतील कोणते संबंध तोडले आणि कोणते नव्याने जोडले, हेही समीक्षेने तपासावयास हवे.