पोकळ ऋणाग्रातील प्लाझ्मानिर्मिती : प्रचलित स्पष्टीकरणाची चिकित्सा

फ्रीडरिख पाशेन यांनी १९१६ मध्ये आयनीभूत हेलियमच्या वर्णपटाच्या अभ्यासासाठी पोकळ ऋणाग्राचा उपयोग केला. सपाट ऋणाग्राच्या तुलनेत, तेवढ्याच विभवांतराला, येथे विद्युत्‌प्रवाहाची घनता कितीतरी पटींनी वाढते. यालाच पोकळ-ऋणाग्र परिणाम म्हणतात. अध्यापनात त्याचे स्पष्टीकरण बहुधा ‘लंबक-इलेक्ट्रॉन’ या एकाच कल्पनेने दिले जाते. ते कितपत पुरेसे आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

या कल्पनेनुसार भिंतीतून निघालेला इलेक्ट्रॉन ऋणाग्र-पातात वेग घेतो, पोकळी ओलांडतो, समोरच्या भिंतीजवळील क्षेत्राने परतवला जातो आणि हेलकावे घेत अनेक अणूंचे आयनीभवन करतो. वायुदाब व पोकळीचा व्यास यांचा गुणाकार ठरावीक मर्यादेत असतानाच हा परिणाम आढळतो, ही बाब या कल्पनेस पोषक आहे. दाब फार वाढल्यास इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वाटेतच खर्ची पडते व समोरासमोरच्या ऋण दीप्ती विलग होतात.

तथापि, विसर्जन स्वयंपोषी राहण्यासाठी भिंतीतून निघालेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे सरासरी एक नवा इलेक्ट्रॉन भिंतीतूनच निघावा लागतो. या दुय्यम उत्सर्जनाविषयी लंबक-कल्पना मौन पाळते. पोकळीत आयन, अतिनील फोटॉन व मितस्थायी अणू सहजी निसटत नाहीत. त्यांपैकी बरेचसे पुन्हा ऋणाग्रावरच आदळतात. शिवाय आयनांच्या माऱ्याने भिंतीतील धातूचे अणू वायूत मिसळतात. निऑनच्या मितस्थायी अणूची ऊर्जा सुमारे १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर तांब्याची आयनीभवन-ऊर्जा ७.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. साहजिकच अशा टकरीत तांब्याचे आयनीभवन घडते. अणुशोषण वर्णपटमापनातील दिव्याची उपयुक्तता याच धातुबाष्पावर अवलंबून आहे. केवळ लंबक-कल्पना शिकलेल्या विद्यार्थ्याला तिचे कारण उमगत नाही.

आयन-प्रणोदकांतील तप्त पोकळ ऋणाग्रात तर इलेक्ट्रॉन प्रामुख्याने औष्णिक उत्सर्जनाने निघतात. आकार तोच, परंतु यंत्रणा भिन्न.

अर्थात, केवळ भूमितीवर भर देणेही एकांगी ठरेल; फोटॉन भिंतीवर पोहोचणे हे मुख्यतः आकारावर अवलंबून असल्याने दाबाची मर्यादा त्यावरून पुरती उलगडत नाही. इलेक्ट्रॉनांची कोंडी आयनीभवन वाढवते आणि कणांची कोंडी उत्सर्जन टिकवते. या दोन्ही प्रक्रिया परस्परपूरक आहेत, असेच अध्यापनात मांडले जाणे इष्ट होय.