‘मित्राची गोष्ट’ : विभक्ती, घर आणि मुलगी

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी त्याच्या केंद्रस्थानी असल्यामुळे त्याच्या धाडसाविषयी पुष्कळ बोलले जाते. शीर्षकातील विभक्तीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ‘सुमित्रा’चे ‘मित्रा’ झाले. जुन्या वळणाने ‘मित्रेची’ व्हावयास हवे होते. बोलीत ‘मित्राची’ चालते, आणि ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचेही रूप तेच. नायिकेचे सारे संकट या एका सामान्यरूपात सामावले आहे.

परंतु ही गोष्ट सांगतो बापू. त्यामुळे मित्राचे घर आपल्याला बहुतांशी कथनातूनच कळते, आणि घरातील भाषा ऐकावयाची राहून जाते. आमच्या मते ही या नाटकातील मोठी उणीव होय. कारण आईवडिलांजवळ राहणाऱ्या अशा मुलीची कोंडी त्या भाषेतच घडते. मुलीला ‘दाखवतात’, ‘देतात’, ‘उजवतात’. प्रत्येक क्रियापदाचे ती कर्म आहे; कर्तेपण इतरांकडे. (‘स्थळ’ हे नपुंसकलिंगी असूनही तेच ‘सांगून येते’, ही गंमत वेगळी!)

याच घरात ‘मैत्रीण’ हा शब्द आश्रय देतो. मित्र दारात आला तर चौकशी होते; मैत्रीण रात्रभर राहिली तरी आई तिचेही पान मांडते. हा आश्रय अज्ञानाचा असतो, आणि स्थळ आले की तो संपतो. ‘दुसरा कोणी आहे का?’ असे आई विचारते. प्रश्नच पुल्लिंगी. मुलगी ‘नाही’ म्हणते, आणि व्याकरणदृष्ट्या ती खोटे बोलत नाही. जी स्त्रीपुरुष दोघांवरही प्रेम करू शकते तिची अडचण आणखी सूक्ष्म. तिच्या प्रेमाचा अर्धा भाग घराच्या व्याकरणात बसतो, म्हणून उरलेला अर्धा ‘वयाचा खेळ’ ठरविला जातो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मात्र अशा विवाहास मान्यता नाकारली. म्हणजे बहुतेक घरांना मुलीच्या बाहेर पडण्याचे जे एकच दार ठाऊक आहे, ते बंदच राहिले.

तेंडुलकरांची मित्रा आत्मनाशाकडे जाते. तिची कथा तिच्या आईच्या तोंडून आली असती, तर ‘मित्राची’ हे रूप त्या माउलीने कोणत्या लिंगी उच्चारले असते?